घडी घातलेला टायर

रॉबिनवेल
१८ मार्च, रविवार दुपार

ताईंना,

आपण दोघं या दिवसापर्यंत धडधाकट पोचलो, दोन वेगवेगळ्या बेटांवर का होईना, त्याबद्दल आधी देवाचे आभार. ऑस्ट्रेलियाला इथले लोक बेट म्हणत नाहीत. मला ते बेटच वाटतं, फक्त कुठल्याही बाजूला गेलं तरी पाणी लागत नाही.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तुमचा आवाज आला की मी बसल्या जागेवरून उठून उभा राहतो आणि पुढे काही सुचत नाही. शेजारच्या खाटेवरचा मोसेसे हसतो. म्हणतो, "बहिणीचा फोन आला की हा वर्गात हजेरी देतो." त्याला पाच भाऊ, बहीण एकही नाही. भावाने बहिणीसमोर तोंड कसं सांभाळायचं असतं हे त्याला कोण शिकवणार. तशीही ती अडचण आता उरलेली नाही. ऑक्टोबरपासून तुम्ही माझा फोन घेतलेला नाही.

मोसेसेच्या आईने त्याला सांगितलं की तुमच्या उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघून बरेच दिवस झाले, आणि तुम्ही पुन्हा लसींचा डबा कॅरिअरला बांधून फोआला जायला लागलात. लिफुका आणि फोआ या दोन बेटांना जोडणाऱ्या त्या बांधावरून. सायकलला टायर पुन्हा तेच जुने. मी पांगाई सोडलं तेव्हाच त्यांच्यावरची नक्षी गेली होती. आता ते शहाळ्यासारखे गुळगुळीत झाले असतील. बांधावर दोन्ही बाजूंनी वारा असतो आणि खाली धारदार खडक, हे मी तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबरात तुम्ही तिथेच पडलात.

आणि जानेवारीत पाठवलेले दोन नवे टायर तुम्ही बसवले नाहीत. तुमच्या गादीखाली, चांगल्या चटयांच्या थप्पीत ते तसेच घडी घालून ठेवलेत. मोसेसेची आई म्हणाली, "लोसा सिस्टरना कोणाच्या तरी लग्नात ते आहेर म्हणून द्यायचे असतील." मोसेसे हे सांगताना खाटेवरून पडायचा राहिला. मला हसू आलं नाही. भावाकडून आलेली वस्तू बहीण चटयांबरोबर ठेवते, तो मान आहे, मला कळतं. पण तुम्ही ते मानाने ठेवलेत की भीतीने, हे इथून कळत नाही.

हे टायर मी गेल्या वर्षी पाठवलेल्या टायरसारखे नाहीत. हे घडीचेच टायर आहेत, घडी घालूनच विकतात, दुकानात ते पुस्तकासारखे फळीवर उभे असतात. तो टायर चाकावरून निघाला म्हणून हेही निघतील असं समजू नका. मागच्या वेळी काय झालं ते नक्की कोणाला सांगता येईल. बसवताना काही राहिलं असेल. लिसियातेबाबांनी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या हे खरं, पण त्यांचंही वय झालं. मी काही म्हणत नाही.

द्राक्षांचा हंगाम संपत आलाय. पहाटे पाचला कात्री हातात येते आणि दुपारी दोनला हातातून सुटत नाही, बोटं तशीच वाकलेली राहतात. हे तिसरं शेत. पहिली दोन सोडली त्याचं कारण विचारू नका. मलाच माहीत नाही. पाय एका जागी राहत नाहीत. पण आता पायसुद्धा दमलेत.

टायर बसवा ताई. एवढंच म्हणायचं होतं.

तुमचा भाऊ
केलेपी


रॉबिनवेल
१५ एप्रिल, रविवार, चर्चहून आल्यावर

ताईंना,

देवाने आणखी चार आठवडे दिले, त्यातले तीन चांगले गेले. चौथ्यात पाऊस आला आणि उरलेली द्राक्षं वेलीवरच फुटली. आम्ही दोन दिवस घरी बसलो. सहा माणसं एका घरात, सिपीचं चरबीदार मटण उकडल्याचा वास आणि एकच टीव्ही.

तुमचं उत्तर नाही. मोसेसेची आई म्हणते की टायर अजून गादीखालीच आहेत. ती असंही म्हणाली की तुम्ही ते जानेवारीत लिसियातेबाबांकडे नेले होते, आणि बाबांनी एकदा कड चाचपून पाहिली, टायर परत तुमच्या हातात दिले आणि म्हणाले, "मी हे बसवणार नाही." कारण सांगितलं नाही. तेव्हापासून तर लोक उघडच बोलतात म्हणे, की म्हाताऱ्याच्या हातातलं कसब गेलं, सिस्टरना त्यानेच पाडलं, आता घाबरतो. त्यांच्या फणसाच्या झाडाखाली कोणी सायकल आणत नाही. पंप नुसता झाडाला टेकून असतो.

मला हे माहीत नव्हतं. मागच्या पत्रात मी त्यांच्या वयाबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

आता टायरांबद्दल ऐका. मी हवेत बोलत नाही. इथल्या गावात एक जुनी शेड आहे, तिथे दर शनिवारी म्हातारे लोक जमून मोडक्या सायकली दुरुस्त करतात. त्यांच्यात ग्लेनिस म्हणून एक बाई आहे, सत्तरीची, तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटायची. मी नोव्हेंबरात तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, मला टायर शिकायचाय.

"टायर शिकायचाय," ती म्हणाली. "लोकांना गिटार शिकायची असते."

मी तिला विचारलं, घडीच्या टायरच्या कडेला तार नसते, मग तो रिमवर राहतो कशाने? तिने एका कपड्याच्या नाडीचं उदाहरण दिलं. कुठल्या कपड्याच्या ते मी तुम्हाला लिहीत नाही. पण उदाहरण चांगलं होतं. साध्या टायरच्या कडेत पोलादी तारेचं कडं असतं. घडीच्या टायरात त्याऐवजी एक दोरी असते, आणि ती साध्या धाग्याची नाही, गोळी अडवायच्या जाकिटात घालतात त्या धाग्याची. ती ताणली जात नाही. म्हणून टायर रिमवरून वर चढत नाही. मऊ असतो म्हणून कच्चा असतो असं नाही.

ती म्हणाली ते सगळं लिहितो, कारण तुम्हाला पुरावा लागतो. लहानपणी माझ्या कपाळाला हात लावून ताप कळला तरी तुम्ही थर्मामीटर आणायच्या. तर, टायरचा आकडा रिमच्या आकड्याशी जुळला पाहिजे, नुसतं सव्वीस इंची म्हणून चालत नाही, त्यातही दोन-तीन जाती आहेत. मी मोसेसेच्या आईकडून तुमच्या रिमवरच्या आकड्याचा फोटो मागवूनच टायर घेतले. हवा भरल्यावर चाक फिरवून बघायचं, कडेलगतची बारीक रेघ सगळीकडे रिमपासून सारखी वर दिसली पाहिजे. कुठे बुडाली किंवा वर आली तर हवा सोडून पुन्हा. हवा टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, लिहिली आहे तेवढीच. आणि खोटं सांगत नाही, याची कूस पातळ असते. आपल्या पोवळ्याच्या रस्त्यावर ती चिरू शकते. आठवड्यातून एकदा बोट फिरवून बघावं लागेल. पण चिरलेला टायर आधी दिसतो. कड सुटलेला टायर सांगून सुटत नाही.

मी स्वतः तसलेच दोन माझ्या सायकलला लावले. तुम्हाला पाठवले ते वेगळे, कोरे. माझी वापरलेली वस्तू मी तुम्हाला पाठवणार नाही, एवढं मला कळतं. नोव्हेंबरपासून रोज अकरा किलोमीटर शेतावर आणि अकरा परत, शिवाय रविवारी उगाच नदीपलीकडे यूस्टनला आणि पुढे जिथपर्यंत कंटाळा येतो तिथपर्यंत. इथे तीन काट्यांचं एक बी असतं, कसंही पडलं तरी एक काटा वर. सात पंक्चर झाली. टायर एकदाही रिमवरून हलला नाही. ग्लेनिसने मला मुद्दाम अर्धी हवा सोडून पटांगणात गरागरा वळायला लावलं. मी पडलो, टायर बसलेला होता.

मोसेसे म्हणतो, "लेका, लोक बायकोसाठी एवढं करत नाहीत."

मी म्हटलं, "म्हणून तर तुला बायको नाही."

एक गोष्ट राहिली. काल ग्लेनिस भंगारातले टायर निवडत होती. एक साधा, तारेचा टायर तिने उचलला, फिरवला आणि माझ्यापुढे धरला. एके ठिकाणी कड कोपरासारखी मोडली होती. "बघ," ती म्हणाली, "हा कोणीतरी गुडघ्याखाली घेतलाय. तारेच्या टायरची अशी घडी घालत नाहीत. ही तार पुन्हा कधी गोल होणार नाही. हवा भरली की दिसेल ठीक, आणि महिन्याभरात इथूनच चढून निघेल." तिने कात्रीने तो टायर दोन ठिकाणी कापला आणि कचऱ्यात टाकला, चुकून कोणी वापरू नये म्हणून.

मला त्यानंतर काम सुचेना. मी घरी आलो.

केलेपी


रॉबिनवेल
६ मे

ताई, हे तीनदा लिहायला घेतलं. शाळेत माझे निबंध तुम्ही लिहून द्यायच्या. हाही तुम्हीच लिहून दिला असतात तर बरं झालं असतं. आज नाही जमत. दमलोय. छाटणी सुरू झाली.


रॉबिनवेल
३ जून, रविवार

ताईंना,

मोसेसेच्या आईने बुधवारी सांगितलं. बांधावर तुमचा मागचा टायर फुटला. तुम्ही पडला नाहीत, पाय टेकवलात, लसींचा डबा खडकावरून खाली गेला आणि फोआवरच्या फालेलोआ गावची माणसं तो भरतीआधी काढायला उतरली. तुम्ही उरलेला रस्ता सायकल ढकलत चालत गेलात आणि दुसऱ्या दिवशी त्याच टायरला ठिगळ लावून पुन्हा निघालात.

बुधवारपासून मी जेवलो ते काय जेवलो मला आठवत नाही. मी यापुढचं लिहिलं नाही तर तुम्ही त्या गुळगुळीत टायरवर जात राहाल, आणि पुढच्या वेळी पाय टेकवायला जागा नसेल. म्हणून लिहितो. बसून वाचा.

मागच्या जुलैत मी घरी सामान भरलेला निळा ड्रम पाठवला, तुम्हाला आठवत असेल. त्यात तुमच्यासाठी टायर होता, पुढच्या चाकाचा, कोरा. तो मी दुकानातून घेतला तेव्हा त्याच फळीवर छोट्या डब्यांत घडी घातलेले टायर होते. मी ते पाहिले आणि समजलो की हल्ली टायर घडी होतात. मी घेतलेला तारेचा होता. तो स्वस्त होता म्हणून घेतला असं नाही, मला फरकच माहीत नव्हता. इथपर्यंत ती चूक होती. शाळा सोडलेल्या माणसाची चूक, म्हणा.

पण ड्रम भरत आला आणि माझा स्पीकर बसेना. तो मोठा काळा, जो आता काकांच्या ओट्यावर वाजतो. टायर सपाट ठेवला की स्पीकर वर राहायचा आणि झाकण लागायचं नाही. मोसेसे म्हणाला, "स्पीकर पुढच्या ड्रममध्ये पाठव." मला तो नाताळाआधी घरी हवा होता. मी नसलो तरी माझं गाणं वाजावं, लोकांनी म्हणावं, केलेपीने पाठवलाय. मी टायर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पिळला आणि गुडघ्याखाली दाबला. कट असा आवाज झाला. ताई, तो आवाज मी ऐकला. ऐकून मी वरून स्पीकर ठेवला आणि झाकण लावलं.

सप्टेंबरात लिसियातेबाबांनी कोणाच्या तरी फोनवरून मला विचारलं. "पोरा, हा टायर वाकडा आहे. कड एका जागी मोडल्यासारखी लागते. बसवू का नको?" ते बसवणार नव्हते. त्यांना कळलं होतं. मी म्हणालो, "बाबा, तो घडीचा टायर आहे. तो असाच असतो. हवा भरली की सरळ होतो." ते म्हणाले, "असेल. तिकडचं नवं तुला माहीत."

एवढंच. मी हे एक वाक्य बोललो. खरं बोललो असतो तर तुम्ही विचारलं असतं, मग का वाकवलास, आणि मला स्पीकर असं उत्तर द्यावं लागलं असतं. तुमच्याऐवजी माझा स्पीकर. भावाने असं करायचं नसतं, मला माहीत होतं, म्हणून मी ते झाकलं. ऑक्टोबरात तुम्ही पडलात. तेव्हाही बोललो नाही. सगळं गाव म्हणालं, घडीचे टायर दगा देतात. मी म्हणू दिलं. मग म्हणालं, लिसियातेच्या हातातलं कसब गेलं. मी तेही म्हणू दिलं, आणि मार्चमध्ये तर माझ्याच हाताने लिहिलं.

घडीचा टायर वेगळा आणि घडी घातलेला टायर वेगळा. तुमच्या चाकाला घडीचा टायर कधी लागलाच नाही. तुम्ही ज्याला भिता तो मी आहे, तो टायर नाही.

माझ्यावर विश्वास ठेवा असं आता म्हणत नाही. गादीखालचे टायर काढा, दोन दिवस उन्हात उघडून ठेवा म्हणजे घडीचा बाक जाईल, आणि कड सगळीकडून चिमटीत धरून बघा. कुठेही तार लागणार नाही आणि कुठेही कोपरा लागणार नाही. तुम्ही मोडलेली हाडं चाचपून सांगता, हे तर सोपं आहे.

मोसेसे महिनाअखेरीला घरी येतोय. हे पत्र तोच आणेल. मी यायला हवं होतं, पण करार नोव्हेंबरपर्यंत आहे आणि हे तिसरं शेतही सोडलं तर मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. म्हणून माझ्याऐवजी तो गळ्यात इफीच्या पानांची माळ घालून लिसियातेबाबांपुढे मातीत बसेल, आपल्याकडे माफी मागायला बसतात तसा. तो तयार झाला. पहिल्यांदाच त्याने काही विनोद केला नाही. फक्त म्हणाला, "लेका, मी त्या दिवशी तुला म्हणालो होतो ना, स्पीकर पुढच्या ड्रममध्ये." मी म्हटलं, हो.

हे पत्र बाबांना वाचून दाखवा. मोठ्याने. आजूबाजूला माणसं असतील तर असू द्या.

केलेपी


रॉबिनवेल
२९ जुलै, रविवार सकाळ

ताईंना,

आज दहिवर गोठलंय. वेलींच्या तारांना हात लावला की चिकटतो. पण आज सुट्टी आहे, मी खिडकीपाशी आहे, आणि तुमचं पत्र माझ्यापुढे आहे. आपण दोघं या दिवसापर्यंत पोचलो. यावेळी हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही.

मोसेसेने फोन करून सगळं सांगितलं. तुम्ही अंगणाच्या पलीकडे उभ्या होतात म्हणे, म्हणून तुम्हाला बाबांचं बोलणं सगळं ऐकू गेलं नसेल. मी लिहितो.

तो पानं घालून जाऊन बसला तर बाबांनी मान वर करून बघितलं आणि कोणाचं तरी मयत समजून म्हणाले, "कोण गेलं?"

"कोणी नाही. केलेपीसाठी बसलोय."

"मग केलेपीचे पाय कुठे आहेत?"

"रॉबिनवेलला. वेली छाटतायत."

"एका जागी आहेत म्हणायचे एकदाचे."

मग मोसेसेने टायर, गुडघा, फोन सगळं सांगितलं, डोकं खाली घालूनच. संपल्यावर बाबा म्हणाले, "मला जानेवारीतच कळलं. सिस्टरनी नवे टायर माझ्या हातात दिले. मी कड चिमटीत धरली, आत तार नाही. मग म्हटलं, आधी जो निघाला त्यात तार कशी होती? घरात जाऊन तो जुना काढला आणि कापला. तारेला गुडघ्याचा बाक होता."

मोसेसे म्हणाला, "मग बाबा, तुम्ही बोलला का नाहीत? गाव तुम्हाला काय काय बोललं."

"कोणापुढे बोलू? सिस्टर विचारायला आल्या होत्या. बहिणीपुढे भावाचं वाईट बोलतात का? तुझ्या आईने तुला एवढंही शिकवलं नाही?"

"पण नवे टायर तरी बसवायचे."

"बसवले असते तर त्यांनी विचारलं असतं, हे कसे चांगले आणि तो कसा वाईट. त्या नर्स आहेत, विचारल्याशिवाय सोडतात का. मग मला तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून हात लावला नाही." मग म्हणाले, "पण त्या गुळगुळीत टायरवर बांधावरून जायच्या तेव्हा मी इथे बसून परतायची वाट बघायचो. रोज. ते मात्र जड गेलं."

मी हे ऐकलं आणि मोसेसेला म्हटलं, जरा थांब. फोन खाटेवर ठेवून बाहेर जाऊन आलो.

मला वाटलं होतं, माझं खोटं फक्त मला माहीत आहे आणि मी एकटाच ते ओढतोय. सहा महिने एक म्हातारा माणूस त्याचं दुसरं टोक धरून होता. तोही कशासाठी, तर तुमच्यापुढे मी बरा दिसावा म्हणून.

मोसेसे सांगतो, मग बाबा उठले आणि म्हणाले, "आता ती पानं काढ, नाहीतर डुकरं मागे लागतील. आणि टायर आण." कुठली पट्टी नाही, पान्हा नाही, नुसत्या दोन अंगठ्यांनी त्यांनी ते बसवले. चाक फिरवून रेघ बघितली. पुन्हा हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा बघितली. तोपर्यंत झाडाखाली दहा-बारा माणसं जमली होती. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. एकाने म्हणे विचारलं, "बाबा, माझ्या सायकलचा ब्रेक जरा..." तर म्हणाले, "उद्या ये. आज सिस्टरची सायकल आहे."

ग्लेनिसला मी शनिवारी सांगितलं. ती म्हणाली, "अंगठ्यांनी? नवा टायर? त्या माणसाला इकडे पाठव." मी म्हटलं, तो लिफुका सोडून कुठे जात नाही. ती म्हणाली, "शहाणा आहे. तू त्याच्याकडून शिक." मी नोव्हेंबरात येतो तेव्हा त्यांच्यापुढे स्वतः बसेन. मोसेसेने बसून झालं, पण ते माझं झालं नाही.

ड्रम पाठवणार नाही. हातात मावेल तेवढंच आणतो.

आता तुमच्या पत्राबद्दल. ते शुक्रवारी आलं. पाकिटावरचं अक्षर उजव्या हाताचं होतं. थोडं तिरकं आहे, पण उजव्या हाताचं, ते मी आधी बघितलं. आत चार ओळी. तुम्हाला पाठ असतील, तरी इथे लिहून ठेवतो, कारण मला त्या पुन्हा लिहून बघायच्या आहेत:

"फालेलोआला जाऊन आले. तेवीस मुलांना डोस दिले. टायर ठीक आहेत. पुढच्या वेळी जागा कमी पडली तर स्पीकर खाली ठेव."

पोस्टमनने ते दारात दिलं. मी चिखलाच्या बुटांसकट पायरीवर बसलो होतो, दिवसभराचा दमलेला, बूट काढायचंही त्राण नव्हतं. पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं आणि मी उठलो. चारही ओळी उभं राहून वाचल्या. मोसेसे इथे नव्हता, त्यामुळे हसायला कोणी नव्हतं.

मग खाली बसलो.

तुमचा भाऊ
केलेपी